गावाला काडी लागली हो!

काय चाललंय काय शेळगावात? थंडीचे दिवस. माणसानं शेकोटीला पाय लावावेत, हुरडा भाजावा, कारखाना यंदा काय दर देणार यावर दोन-चार कचकचीत शब्द बोलावेत आणि गोधडीत शिरावं. बापजाद्यांपासूनची ही रीत. ती सोडून सगळं गाव कात्री घेऊन निघालंय! ज्याच्या हातात बघावं त्याच्या हातात काडी. अंजिराची काडी, डाळिंबाची काडी, द्राक्षाची, गुलाबाची, जास्वंदीची, बोगनवेलीची. फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या बाईच्या पिशवीतून काड्या डोकावतात, दूध घालून परतणाऱ्याच्या किटलीला काड्या बांधलेल्या असतात. पूर्वी पाहुणा आला की पाऊसपाणी काय म्हणतंय, असं विचारायची पद्धत होती. आता चपला काढायच्या आधी पहिला प्रश्न एकच: ‘तुमची लागली का?’

आणि पाहुणाही काय सभ्य म्हणावा? ‘दोन लागल्या, एक कुजली,’ असं सांगत तो सरळ परसात जातो. चहा तिकडंच आणा म्हणतो.

बरं, प्रकार म्हणाल तर अगदी साधा. पानगळ होऊन विसावलेल्या झाडाची वर्षभराची पक्व फांदी घ्यायची. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा तिरपा. म्हणजे वर पाणी साचत नाही आणि शेंडा कुठला, बूड कुठलं याचा घोळ होत नाही. दोन डोळे मातीत, बाकीचे बाहेर. झालं छाटकलम. हिवाळ्यातच का? तर झाड तेव्हा झोपेत असतं, पानं नसल्यामुळं काडीतलं पाणी उडून जात नाही आणि वर्षभर साठवलेलं अन्न लाकडात शिल्लक असतं. त्या अन्नावर काडी मुळं काढते. शेतीच्या पुस्तकात दोन परिच्छेदांत उरकणारी गोष्ट. पण दोन परिच्छेदांवर भागवील ते शेळगाव कसलं?

घरोघरी भांड्यांचा दुष्काळ पडलाय. अंघोळीची बादली कुठाय? तिच्यात अंजीर आहे. लोणच्याची बरणी? गुलाब आहे. तेलाचे डबे कापले, पाण्याच्या बाटल्या कापल्या, दुधाच्या पिशव्या तर आता कुणी फेकतच नाही. त्यांना तळाशी भोकं पाडून ओळीनं ओट्यावर मांडलंय. एका घरी लग्नात आलेला, वीस वर्षं कपाटात जपलेला डिनर सेटचा मोठा वाडगा बाहेर आलाय म्हणे. पाहुण्यांसाठी कधी निघाला नाही तो, मोगऱ्यासाठी निघाला!

आणि चोऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. (बोलूया.) चाळीस वर्षं सचोटीनं नोकरी केलेला, कचेरीतली टाचणीसुद्धा घरी न आणलेला माणूस निवृत्त होतो, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पहाटे फिरायला जायला लागतो आणि परतताना त्याच्या स्वेटरच्या बाहीत बोगनवेल असते. विचारलं तर म्हणतो, कुंपणाबाहेर आली होती. कुंपणाबाहेर आलेली वस्तू कुणाची, यावर आजकाल पारावर जे वाद झडतात ते ऐकून वकिलानं सनद परत करावी. चोरून आणलेली काडीच लागते, असं एक शास्त्रही निघालंय. मनीप्लांटपुरतं होतं ते शास्त्र. आता त्याची हद्द वाढून अंजिरापर्यंत आलीय. मालकाला विचारून आणलेली काडी वाळली तर लोक हळहळत नाहीत. ‘मागून आणलीस ना? मग कशी लागेल?’ असं वर तोंड करून सुनावतात!

देवदर्शनाला निघालेल्या माणसाची नजर आधी कळसाकडं जायची, आता आवारातल्या चाफ्याकडं जाते. मयतीला गेलेली माणसं, अहो, मयतीला! घरच्यांचं सांत्वन करता करता डोळ्यांच्या कोपऱ्यातून दारातली जास्वंद जोखतात. दुहेरी आहे का हो? रंग कोणता? तेराव्याला येताना कात्री आणतात. याला काय म्हणायचं?

संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या. बायकांनी काय लुटावं याचे काही संकेत होते की नाही? चाळणी, प्लॅस्टिकचा डबा, फार झालं तर स्टीलची वाटी. त्या डब्यांवर नाकं मुरडण्यात जी मजा होती, तीही गेली. आता सुगड्यात ऊस, बोरं, हरभरे, गाजर आणि वरून ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलाबाची काडी. तिच्यावर चिठ्ठी: कोणाच्या घरची, कधी कापली, कोणत्या रंगाची. नाव घ्यायचा आग्रह झाला तर उखाण्यात नवऱ्याच्या आधी जास्वंदीचा नंबर लागतो. शेवग्याचं झाड दारात नसावं, असं आजवर सांगत आलेल्या आजीबाईंनीच परवा मनगटाएवढा फाटा दारात रोवून घेतला. अपशकुनाचं काय झालं, विचारलं तर म्हणाल्या, ‘शेंगा लागल्या की बघू.’

मोबाइलनं तर आगीत तेल ओतलंय. गुलाबाची काडी बटाट्यात खोचा आणि बटाट्यासकट पुरा, म्हणजे हमखास लागते, असं कुणीतरी दाखवलं. मग काय! आठवडे बाजारात बटाटा घेताना बायका विचारायला लागल्या, भाजीचा नको, काडीचा द्या. महिन्याभरानं बटाट्याला झकास कोंब आले आणि गुलाब जिथल्या तिथं वाळला. तरी हौस फिटली नाही. कोणी कोरफडीच्या गरात काडी बुडवतं, कोणी मधात, कोणी दालचिनीच्या पुडीत. स्वयंपाकघरात दालचिनी शिल्लक नाही, मसालेभात फिका झाला, पण काडीचा थाट बघावा! जे जरा शिकलेले ते या सगळ्यांकडं तुच्छतेनं बघतात, कारण त्यांच्याकडं संजीवकाची पावडर आहे. आयबीए. हे तीन इंग्रजी अक्षरांचं नाव घेताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. ‘दोन हजार पीपीएम घेतलं का अडीच?’ असा प्रश्न चहाच्या टपरीवर कानावर येतो. ज्याला कालपर्यंत मोटारीचं बिल वाचता येत नव्हतं, तो दहा लाखांत किती भाग याचा हिशेब तोंडी करतोय. शिक्षणाचा प्रसार म्हणतात तो हाच काय?

पण खरी गंमत पुढं आहे. डिसेंबरात लावलेली काडी जानेवारीत वरच्या डोळ्यातून हिरवा टिपका दाखवते. टिपक्याचं पान होतं. झालं! पेढे निघतात, फोटो निघतो, पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर जातो, पुण्यातल्या जावयाला व्हिडिओ कॉल लागतो. आणि ही पालवी असते शुद्ध फसवी. दुपारच्या उन्हानं डोळा जागा होतो, पण रात्रीच्या गारठ्यानं माती थंडगार, त्यामुळं मुळांचा पत्ताच नसतो. काडी आपल्या पोटातलं साठवलेलं अन्न पानावर उधळत असते. पान मोठं झालं की तेच पान हवेत पाणी सोडायला लागतं, खालून पुरवठा शून्य, आणि एका सकाळी मान टाकलेली दिसते. ज्यांना कळतं ते पिशव्या आडोशाला ठेवतात, वर प्लॅस्टिक झाकतात, कोणी उकिरड्याच्या उबेला मांडतात. खाली ऊब आणि वर गारवा असला की मुळं पानांच्या आधी निघतात. कळणाऱ्यांची संख्या किती, ते पारावरच्या सुतकी चेहऱ्यांवरून मोजावं.

बरं, पान नाही आलं तरी जिवाला घोर. मुळं फुटली का? कसं कळणार? उपसून बघितल्याशिवाय कसं कळणार? हा एक विधी आता घरोघरी पाहावा. तिन्हीसांजेला घरधनी इकडंतिकडं बघतो, कोणी नाही असं पाहून उकिडवा बसतो, दोन बोटांत काडी धरतो आणि अलगद वर खेचतो. मोबाइलची बॅटरी लावून बूड निरखतो. तिथं फिकट पांढरी गाठ आलेली असते, खडबडीत, मोहरीएवढ्या फोडांची. हीच मुळांची पूर्वतयारी. तिच्यावरची माती तो अंगठ्यानं पुसतो, फोड त्याच अंगठ्याखाली चिरडतो, समाधानानं मान हलवतो आणि काडी परत खोचतो. अर्ध्या तासानं त्याची बायको येते. इकडंतिकडं बघते. उकिडवी बसते. एवढे पंचनामे झाल्यावर त्या काडीनं जगावं तरी कोणत्या तोंडानं?

ड्रॅगन फ्रूटवाल्यांचा तर पंथच निराळा. त्यांच्यात आणि काडीवाल्यांत रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार अजून जुळलेला नाही. मुरमाड रानात सिमेंटचे खांब, खांबाच्या डोक्यावर रिंग आणि प्रत्येक खांबाला चार बाजूंनी चार हिरव्या तिधारी फांद्या बांधलेल्या. मूळ मध्य अमेरिकेतलं हे निवडुंगाच्या कुळातलं लेकरू. फूल रात्री उमलतं आणि सकाळी कोमेजतं, त्यामुळं पावसाळ्यात हे लोक बॅटऱ्या घेऊन रात्री रानात फिरत होते तेव्हा आपल्याला वाटलं बिबट्या आला. हिवाळ्यात फळं संपतात, छाटणी होते आणि ढिगानं फांद्या पडतात. पूर्वी बांधावर फेकल्या असत्या. आता? एकेका तुकड्यासाठी वशिला लागतो. हा तुकडा म्हणे कापल्यावर लगेच लावायचा नसतो. सावलीत काही दिवस ठेवून जखम सुकू द्यायची, नाहीतर कुजतो. थांबायचं? आपल्याकडं? घरी आणेपर्यंत कुणाला दम नाही, गाडीच्या डिकीतच रोप तयार होईल का, असं विचारणारे आहेत! २०२१ च्या जानेवारीत गुजरात सरकारनं या फळाचं बारसं करून ‘कमलम’ नाव ठेवलं. आपल्याकडं बारशाला कुणाला वेळ नव्हता. सगळे खांब मोजत होते.

या भक्तांची पंढरी कुठं, तर बारामतीजवळ माळेगाव खुर्दला. २००९ साली तिथं खडकाळ माळावर अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. दुष्काळ, क्षार, तापमान अशा संकटांत पीक कसं टिकवायचं याचा अभ्यास तिथं चालतो, आणि त्याच माळावर ड्रॅगन फ्रूटची बाग डोलते. शेजारीच कृषी विज्ञान केंद्र, जानेवारीत ‘कृषिक’चं प्रदर्शन. पूर्वी लोक प्रदर्शनाला जाऊन ट्रॅक्टरवर बसून फोटो काढायचे, भेळ खायचे आणि परत यायचे. आता तिथल्या मांडवातून बाहेर पडणाऱ्यांच्या शर्टाचे खिसे चाचपून बघा. आपण कुणावर आळ घेत नाही, फक्त चाचपा म्हणतो.

आता एवढी बोंबाबोंब केली, पण नाकाला पदर लावायचा हक्क आपल्याला आहे तरी कुठं? आपल्या शिवारात जे जे मिरवतं ते सगळं कुणाच्या तरी फांदीचा तुकडा आहे. ऊस काय बी पेरून येतो? कांडीवरचा डोळाच लावतो ना आपण? को ८६०३२, म्हणजे आपली नीरा, जिथं जिथं उभी आहे तिथं तिथं एकाच उसाचे तुकडे उभे आहेत. शेजारच्या निमगाव केतकीची जी पानं खाऊन तोंड लाल करतो, त्यांची नागवेल तरी वेलाच्या तुकड्यावरच वाढते. बागायतदारांच्या घरात डॉगरिजची काडी माहीत नाही असं पोर सापडणार नाही. अमेरिकेतल्या टेक्सासच्या रानवेलींतलं हे लाकूड; दुष्काळ आणि खारं पाणी सोसतं म्हणून आपल्या द्राक्षबागांच्या बुडाशी येऊन बसलं. उन्हाळ्याआधी त्याची लावण, पावसाळ्याच्या शेवटी त्याच्यावर आपल्या वाणाचं पाचर कलम. एवढंच कशाला, ज्या थॉमसन सीडलेसवर पुणे, सांगली, नाशिक, सोलापूरच्या माड्या चढल्या, त्याची कथा ऐका. कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसननं १८७२ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या रोपवाटिकेतून तीन काड्या मागवल्या. दोन गेल्या, एक जगली. त्या एकीनं कॅलिफोर्नियाच्या बेदाण्याला बाप दिला! थॉमसनच्या शेजाऱ्यांनी तेव्हा काय म्हटलं असेल? हेच की, बघा, याला काडी लागली.

सोलापूरच्या नान्नजचे नानासाहेब काळे बागेत फिरताना फक्त घडांकडं बघत राहिले असते, तर सोनाका कुठला आणि काळं शरद सीडलेस कुठलं? वेगळा घड दिसला, त्याची काडी धरली, वाढवली. आता शरद हे नाव कुणावरून, हे बारामतीच्या सावलीत राहणाऱ्याला सांगायची सोय नाही. डाळिंबाचा गणेश घ्या: १९३६ साली डॉ. चीमांनी पुण्याच्या गणेशखिंडीत आळंदी वाणाच्या रोपांतून निवडला, पुढं १९७० मध्ये त्याला ते नाव मिळालं. एक चांगलं झाड सापडलं की बाकीचा इतिहास कात्रीचा. आणि भगवा? तो तर इतक्या हातांतून इतक्या गावांत पोचला की शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र अशी नावं पडत गेली. फुकट वाटलेल्या काडीला प्रत्येक पाहुणा आपल्या घरचं नाव ठेवतो, दुसरं काय!

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून सासवडकडच्या सोयरिकींना आमच्याकडं एकदम मागणी वाढलीय. मुलगी द्यायची तर सासवडला द्यावी. का हो? मुलगा चांगला? नाही, बांधाला अंजीर चांगलं.

एका गोष्टीवर मात्र पारावरच्या टवाळांचंही एकमत आहे. डाळिंबाची काडी कुठूनही उचलणाऱ्याला गावानं वाळीत टाकावं. तेल्या रोग काडीवरून आणि रोपावरून प्रवास करतो. बाहेरून काडी टवटवीत दिसते, पहिल्या पावसात पानावर तेलकट ठिपके पडतात, फळ तडकतं आणि शेजाऱ्याची उभी बागही त्याच वाटेनं जाते. या रोगानं किती सोन्यासारख्या बागा काढायला लावल्या, ते सांगोल्याच्या पाहुण्यांना विचारा. सोलापूरला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र आहे ते काही पाट्या रंगवायला नाही. निरोगी मातृवृक्षाची गुटी नाहीतर खात्रीचं रोप घ्या, असं तिथले लोक कानीकपाळी ओरडतात. पण फुकटच्या काडीपुढं शास्त्रज्ञाचं ऐकतो कोण? चारशे रुपयांची कात्री विकत घेतील, ती एका बागेतून दुसऱ्या बागेत शिरताना पुसायला दोन रुपयांचं जंतुनाशक नको! इथं आपण चेष्टा करत नाही. इथं आपण खरंच चिडलोय.

चिडलोय म्हणेपर्यंत हसवणारा कोणीतरी येतोच. एक महाशय कोकणातून हापूसच्या दहा काड्या घेऊन आले. आंबा! ज्याच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोयीच्या रोपावर कलम बांधतात, तो आंबा यांनी बादलीत रोवला. वर शेडनेट, बाजूला अगरबत्ती. पाहुण्यांना आमराईचा नकाशाही दाखवून झाला. काड्यांना काही फुटलं नाही. महाशयांना मात्र रोज नवं तत्त्वज्ञान फुटतंय. दुसऱ्यानं चिकूची लावली. त्याला सांगितलं, अहो, चिकूला खिरणीचा खुंट लागतो. तो म्हणाला, माझा हात वेगळा आहे. शेळगावात सध्या प्रत्येकाचाच हात वेगळा आहे. ‘हात लागतो’ म्हणतात ना, तसे लागणारे हात मोजायला बसलो, तर मतदार यादीपेक्षा मोठी यादी होईल आणि तिच्यात मेलेल्यांचीही नावं निघतील, कारण ‘आमच्या आबांचा हात लागायचा’ हे सांगितल्याशिवाय कोणी कात्री खाली ठेवत नाही.

सगळ्यात मौज येते ती बाटलेल्यांना बघून. गेल्या हिवाळ्यात याच पारावर बसून ‘रिकामटेकड्यांचे धंदे’ म्हणणारे एक मातब्बर बागायतदार होते. वीस एकर ऊस, कालव्याचं आवर्तन चुकलं तर पाटकऱ्याला घाम फोडणारा माणूस. परवा ते शेजारणीच्या दारात उभे, हातात टोपी आणि आवाजात लोणी: ‘वहिनी, त्या पिवळ्या गुलाबाची एखादी… छाटणी करणारच असाल तर…’ वहिनींनी सरळ सांगितलं, आधी तुमच्या भगव्या जास्वंदीची आणा. हातोहात देवाणघेवाण झाली, कुंपणावरून, भर दुपारी. वीस एकरांचा धनी एक काडी खिशात घालून मागच्या वाटेनं घरी गेला. पुढच्या वाटेनं गेला असता तर आपण दिसलो असतो ना.

आणि तुम्ही काय हसताय? शेळगावचे वेडे म्हणून पुण्या-मुंबईच्या भावकीला हे वाचून दाखवायचा बेत आहे वाटतं? दाखवा. फक्त त्याआधी तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, निरम्याच्या पुड्याआड लपवलेला तो काचेचा पेला कसला आहे, ते सांगा. पुदिना आहे म्हणता? असेल बुवा. पण पुदिन्याला कोणी तारखेची चिठ्ठी चिकटवतं का? आणि चिठ्ठीवर शेजाऱ्यांचं आडनाव?